दारात काय लावायचं : गवती चहा की शोभेचं गवत?

(आमच्या बचत गटानं सामुदायिक रेडिओवर केलेलं हे भाषण. बोललो तसंच इथं दिलं आहे.)



सकाळच्या भाकरी उरकून, गुरांचं वैरणपाणी करून तुम्ही ऐकायला बसला असाल. काही जणी हातातलं काम चालू ठेवूनच ऐकत असतील. तसंच ऐका. आम्हीसुद्धा समोर गवती चहाचा भारा ठेवून जुड्या बांधत बोलतोय. मधेच पानांची सळसळ ऐकू आली तर रेडिओ बिघडला असं समजू नका.

आम्ही बारा जणी. भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची वस्ती आहे. पावसाळ्यात पाऊस नको नको होतो, आणि एप्रिल-मे आला की हंडा घेऊन उतार उतरावा लागतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडं बघूनच कुणीतरी केली असणार. भात, नाचणी, दोन-चार गुरं, पाच-सात शेळ्या, एवढाच संसार. महिन्याला शंभर रुपये बचत, गरजेला आपसात कर्ज आणि वर्षाच्या शेवटी हिशेब. तुमचे गट चालतात तसाच आमचाही चालतो.

आज आम्ही दोन गवतांविषयी सांगणार आहोत. एक आपला गवती चहा, आणि दुसरं शोभेचं गवत. हो, गवती चहासुद्धा गवतच. ज्वारी, ऊस, भात ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातला. दोन्ही आम्ही एकाच वर्षी, एकाच काकूंच्या दीड गुंठा जागेत लावली. दोन वर्षं दोन्ही सांभाळली. त्यातून पैसा मिळाला, नुकसानही झालं. नुकसान आमच्याच हातानं झालं, म्हणून ते लपवून ठेवायचं नाही असं बैठकीत ठरलं. तुम्ही ऐकलंत तर तुमचं तेवढं वाचेल.

आता सुरुवात कशी झाली ते सांगतो.

आमच्या बाजूला गेल्या काही वर्षांत शहरातल्या लोकांची फार्महाऊस झाली आहेत. आमच्यातल्या तिघी तिथं बागेच्या कामाला जातात. एका ठिकाणी त्यांनी ते गवत पहिल्यांदा पाहिलं. कमरेएवढा झुबका, बारीक पानं, आणि वर कोल्ह्याच्या शेपटीसारखे मऊ मऊ तुरे. वारा आला की सगळे तुरे एका बाजूला झुकतात. बघत राहावं असं गवत. नर्सरीवाले त्याला फाउंटन ग्रास म्हणतात. तिथल्या बागकामाच्या ठेकेदारानं विचारलं, "तुम्ही बायका याची रोपं तयार करून द्याल का? पिशवीला चाळीस रुपये देतो." चाळीस रुपये! आमच्याकडं दिवसभर खुरपून काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

बैठकीत दोन तट पडले. तरुण सुना म्हणाल्या, शोभेचं गवतच लावू, गिऱ्हाईक समोर उभं आहे. थोरल्या बायका म्हणाल्या, जे आपल्याला चुलीवर, गोठ्यात, आजारपणात कशालाच उपयोगी नाही, त्याला पाणी घालायचं कशाला? गवती चहा लावा. एक जुडी विकली गेली नाही तरी घरात संपते. बराच वेळ वाद झाला. शेवटी अध्यक्षताईंनी निम्मी निम्मी जागा वाटून दिली. म्हणाल्या, "दोन्ही लावा, दोन्हींचा हिशेब वेगळा लिहा. वर्षानं वही बघू."

आधी गवती चहाचं सांगतो, कारण त्यात आम्ही पहिल्याच पावलाला ठेच खाल्ली.

ठोंब कुठून आणायचे, तर तालुक्याजवळच्या एका नर्सरीतून वीस आणले. लावले, जगले, पानं सुटली. मोठ्या हौसेनं पहिला चहा केला आणि पहिल्या घोटालाच सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. साबण विरघळल्यासारखी चव. घरी आलेल्या कृषिकन्यांनी, म्हणजे कृषी महाविद्यालयातून गावात राहायला आलेल्या मुलींनी, पान चुरगाळून वास घेतला आणि सांगितलं, "मावशी, हा गवती चहा नाही, ही सिट्रोनेला आहे." सिट्रोनेला गवती चहाची जवळची बहीण. तिचं तेल डासांच्या औषधात, साबणात घालतात. चहात घालायची ती वस्तू नाही. दिसायला दोन्ही इतकी सारखी की फसायला होतं.

म्हणून ओळख लक्षात ठेवा. पान चुरगाळून हुंगा. गवती चहाला लिंबाचा स्वच्छ वास येतो, चहा आठवतो. सिट्रोनेलाचा वास डासांच्या अगरबत्तीकडं जातो. दुसरी खूण बुंध्याशी. गवती चहाचा बुंधा पांढरट हिरवा असतो, सिट्रोनेलाचा लालसर जांभळा. वास आणि बुंधा, दोन्ही बघितल्याशिवाय ठोंब घेऊ नका. सगळ्यात चांगलं म्हणजे ज्यांच्या घरी रोज त्या पानाचा चहा होतो, त्यांच्याकडूनच ठोंब मागून आणा. आम्ही पुढं तेच केलं. शेजारच्या गावातल्या एका आजींच्या न्हाणीमागं वीस वर्षांचं बेट होतं. त्यांनी पाच रुपयाला एक असे सव्वाशे फुटवे दिले, वर पदराला बांधून एक जुडी फुकट दिली.

लावायची रीत सोपी आहे. जून-जुलैत, पाऊस लागला की लावा. बेट खणून फुटवे वेगळे करा, प्रत्येकाला मूळ राहील असं बघा. वरची पानं छाटून वीतभर ठेवा, नाहीतर पानं वाळतात आणि मुळावर ताण येतो. दोन फुटांवर एक फुटवा. फार खोल पुरू नका, मूळ झाकेल एवढंच. पाणी साचणाऱ्या जागी लावू नका, बुंधा कुजतो. आमच्या भागात पाऊस जास्त, म्हणून आम्ही सरी काढून वरंब्यावर लावलं. ऊन मात्र भरपूर हवं. झाडाच्या दाट सावलीत पानं लांबतात, पण वासात जोर येत नाही. मुठभर शेणखत, लेंडीखत पुरतं. उन्हाळ्यात मोरीचं, भांडी घासल्याचं सांडपाणी वळवलं तरी जगतो. जुन्या बायका न्हाणीमागं गवती चहा का लावायच्या, ते आता कळलं ना?

साधारण चार-पाच महिन्यांनी पहिली कापणी मिळते. पुढं दोन-अडीच ते तीन महिन्यांनी. जमिनीपासून चार-सहा इंच सोडून विळ्यानं कापा. अगदी मातीलगत कापलं की बेट दमतं. हातात पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पानाची कड पातीसारखी कापते. आमच्यातल्या दोघींच्या मनगटावर अजून व्रण आहेत. पानाच्या मागच्या बाजूला तांबूस ठिपके दिसले तर तो तांबेरा. ती पानं कापून बाहेर काढा. तीन-चार वर्षांनी बेट मधून पोकळ होतं, तेव्हा खणायचं, फुटवे वेगळे करायचे आणि नव्या जागी लावायचे. एका ठोंबाची दहा ठोंबं होतात. त्यावर परत पैसा लागत नाही.

विक्रीचं सांगायचं तर आम्ही ताज्या जुड्या कापूरहोळच्या फाट्यावरच्या चहावाल्यांना दिल्या. आमच्या हातात जुडीला पाच रुपये पडले. उरलेली पानं सावलीत वाळवली. उन्हात वाळवू नका, रंग आणि वास दोन्ही उडतात. हातात धरल्यावर कडकड मोडलं की वाळलं समजा. बोटभर तुकडे करून झाकणाच्या डब्यात भरायचे. पहिल्या वर्षी सगळं मिळून तीन हजार सातशे रुपये आले. खर्च नऊशे, त्यात त्या सिट्रोनेलाचे पैसेही धरले आहेत. घरोघरी चहात, सर्दीच्या काढ्यात गेलं त्याचा हिशेब नाही.

काही जणी विचारतात, तेल का काढत नाही? तेलाचा धंदा आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. याच कुळातलं रोशा गवत खानदेशातल्या डोंगरात उगवतं. तिथं जुन्या काळी त्याचं तेल काढायचे, ते मुंबईच्या बंदरातून परदेशी जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. पण शंभर किलो ओला पाला उकळावा तेव्हा साधारण अर्धा किलो तेल हाती येतं. त्यासाठी भट्टी हवी, जळण हवं, एकर-दोन एकर लागवड हवी. आमच्या गुंठ्याच्या गोष्टीत ते बसत नाही. तुमच्याकडं जमीन जास्त असेल तर विचार करा, पण आधी घेणारा शोधा आणि मग लावा.

आणखी दोन गोष्टी खऱ्या सांगायला हव्यात. गवती चहा लावला की साप येत नाही, डास येत नाहीत, असं सगळीकडं म्हणतात. त्यावर भरवसा ठेवू नका. वेळेवर न कापलेल्या दाट बेटात उंदीर शिरतो, आणि उंदरामागं कोण येतं ते आपल्याला माहीत आहे. डासांवर काढलेलं तेल चालतं, नुसतं दारात उभं असलेलं झाड डास पळवत नाही. आणि दिवस गेलेल्या बाईनं गवती चहाचा कडक काढा पिऊ नये. तिचा चहा वेगळा ठेवा, किंवा आधी दवाखान्यात विचारा. तेल तर कुणीच पोटात घ्यायचं नाही.

आता शोभेच्या गवताकडं येऊ.

फार्महाऊसवरून ठेकेदारानंच गवताचे झुबके दिले. आम्ही माती, शेणखत, पिशव्या आणून चारशे पिशव्या भरल्या. पिशवीमागं बारा रुपये खर्च आला, म्हणजे चार हजार आठशे. रोपं अशी तरारली की काय सांगावं! पाणी थोडं, रोग नाही, किडा नाही. दिवाळीच्या आधी तुरे आले. पहिली दीडशे रोपं ठेकेदारानं नेली आणि सहा हजार रुपये रोख दिले. त्या महिन्याच्या बैठकीत थोरल्या बायका गप्प होत्या. खोटं कशाला बोलायचं, तोवर शोभेचं गवत गवती चहाच्या पुढं होतं.

नंतर तो ठेकेदार दुसरीकडं गेला. नवा आला, त्यानं शहरातून माल आणला. आमच्या अडीचशे पिशव्या तशाच पडल्या. कागदावर काही लिहून घेतलं नव्हतं, तोंडी सौदा. ही आमची पहिली चूक.

मग दुसरी चूक केली. रोपं फेकायला मन होईना. वस्तीकडं येणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना, कुंपणाच्या कडेनं, थेट गायरानाच्या हद्दीपर्यंत आम्ही ती लावून टाकली. महिनाभरात वाट अशी देखणी झाली की पाहुणे थांबून फोटो काढायचे. एका सुनेचं माहेरचं माणूस म्हणालं, "तुमची वस्ती म्हणजे रिसॉर्ट झालीय." आम्हाला भारी वाटलं. आमच्या वाटेला कुणी चांगलं म्हणालं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आमच्या डोंगराला दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात वणवा लागतो. कुणी विडी टाकतं, कुणी पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल या समजुतीनं मुद्दाम लावतं. त्या वर्षीही लागला. कुणी लावला ते कळलं नाही. पूर्वी वणवा गायरानापर्यंत यायचा आणि वाटेच्या उघड्या मातीशी येऊन विझायचा. गुरांच्या खुरांनी ती जागा सगळी उकरलेली, तिथं पेटायला काही नसायचं. त्या वर्षी तिथं आमचं गवत उभं होतं. वरून तुरे, आत वाळलेल्या पानांचा गच्च झुबका. ते वातीसारखं पेटलं. एका झुबक्यावरून दुसऱ्या झुबक्यावर, कुंपणाच्या कडेनं आग सरळ वस्तीत आली.

माणसं वाचली, गुरं सोडली. निरगुडीचे डहाळे घेऊन सगळ्यांनी झोडपून झोडपून आग थोपवली. पण ज्या काकूंनी जागा दिली होती, त्यांची पेंढ्याची गंजी जळाली. पावसाळ्यापर्यंतची वैरण तासाभरात गेली. काकू काही बोलल्या नाहीत. गंजीच्या राखेपाशी उभ्या राहून त्यांनी फक्त म्हशीकडं पाहिलं.

बैठक बोलावली. वणवा आम्ही लावला नव्हता, हे खरं. पण वणव्याला वस्तीत यायची वाट आम्ही करून दिली होती, हेही खरं. पेंढ्याचे आठ हजार धरले आणि गटाच्या शिलकीतून काकूंना दिले. त्या घेईनात. म्हणाल्या, "गवत लावायला मीपण होते की." शेवटी ठराव लिहून, अंगठा-सही करून दिले. म्हणजे शोभेच्या गवताचा हिशेब असा झाला : आले सहा हजार, गेले बारा हजार आठशे.

गोष्ट इथं संपली असती तर आम्ही रेडिओवर आलो नसतो. पहिल्या वळवाच्या सरीनंतर सगळं डोंगर काळं असताना आमचं शोभेचं गवत मात्र बुडातून हिरवंगार फुटलं. आम्हाला कौतुक वाटलं, चिवट आहे म्हणून. जूनमध्ये पाहिलं तर वाटेपासून लांब, गायरानात, भाताच्या बांधावर, ओढ्याच्या दरडीत त्याची बारीक रोपं. आम्ही तिथं कुणी लावली नव्हती. तुऱ्यातलं बी वाऱ्यानं, गुरांच्या केसांना चिकटून, गाड्यांच्या चाकांना लागून गेलं होतं. कोवळी होती तेव्हा शेळ्यांनी तोंड लावलं, जून झाल्यावर ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे चाऱ्याची जागा गेली आणि चाराही नाही.

कृषिकन्यांना विचारलं तेव्हा कळलं की या गवताची ही जुनीच रीत आहे. हे मूळचं उत्तर आफ्रिकेकडचं. बागेसाठी म्हणून जगभर नेलं. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर ते बागेतून डोंगरावर गेलं. वाळतं, पेटतं आणि आगीनंतर सगळ्यांच्या आधी हेच फुटतं. प्रत्येक आगीला तिथली मूळची झाडं कमी होतात आणि हे वाढतं. युरोपीय संघानं 2017 साली त्याला धोकादायक परक्या वनस्पतींच्या यादीत घातलं, तिथं त्याची विक्री आणि लागवड बंद आहे. पंपास नावाचं एक उंच शोभेचं गवत असतं, लग्नाच्या सजावटीत त्याचे पांढरे तुरे लावतात. दक्षिण अमेरिकेतून निघालेल्या त्या गवतानंही कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये असाच त्रास दिला आहे.

हे ऐकून आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "मग ही घाणेरीचीच गत की." आणि खरंच मैत्रिणींनो, घाणेरी, जिला कुठं टणटणी म्हणतात, ती आपल्या देशात बागेची शोभा म्हणून आणलेली. तिच्या रंगीत फुलांवर साहेब लोक भुलले. आज डोंगरच्या डोंगर तिनं खाल्ले. नदीतली जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी आणलेली. आज पाणी दिसत नाही. दोन्हींचं मूळ कुणाच्या तरी हौसेच्या बागेत आहे. ज्यानं पहिलं रोप लावलं तो कधीच गेला, आणि खुरपं मात्र आपल्या हातात राहिलं.

तर दोन्हींची तुलना अशी. तहान दोघांनाही थोडी. निगा शोभेच्या गवताला कमी, गवती चहाला कापणीचे कष्ट. दिसायला शोभेचं गवत उजवं, यात वाद नाही. पण गवती चहाला आपल्याकडं तुरा क्वचितच येतो. तो फुटव्यांनी वाढतो, म्हणून लावला तिथंच राहतो. तो कापला जातो, म्हणून हिरवा राहतो. न कापता वाळू दिला तर तोही पेटेल, हे विसरू नका. आणि गिऱ्हाईक गेलं तरी तो घरात कामाला येतो.

एवढं झाल्यावर थोरल्या बायकांनी ठरावच मांडला, की यापुढं गटाच्या जागेत बिनकामाचं काही लावायचं नाही. तेव्हा आमच्यातली सगळ्यात धाकटी सून उठली. ती म्हणाली, "जे लावायचं ते खायचंच का? विकायचंच का? आमच्या दारात एक तरी झाड नुसतं बघायला नको? फार्महाऊसवाल्या बाईनं हौसेनं लावलं तर ती आवड, आणि आम्ही लावलं तर बिनकामाचं?"

कुणालाच लगेच उत्तर सुचलं नाही. तिचं म्हणणं खरं होतं. आम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या बागा सजवतो आणि आपल्या दारात कोथिंबीर-मिरचीपलीकडं जात नाही. ज्या महिन्यात वाट सुंदर दिसत होती, त्या महिन्यात आम्ही सगळ्याच जरा ताठ चालत होतो. ते सुख काही खोटं नव्हतं.

म्हणून ठराव बदलला. बिनकामाचं लावायचं नाही, असं लिहिलं नाही. लावण्याआधी चार प्रश्न विचारायचे, असं लिहिलं. ते चार प्रश्न तुम्हीही लिहून घ्या.

पहिला : याचं बी कुठं जाईल? बी वाऱ्यानं उडणारं असेल तर गायरान, ओढा, डोंगर यांच्या जवळ नको.

दुसरा : वाळल्यावर याचं काय होईल? डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी घर, गोठा, गंजी यांच्याजवळ वाळणाऱ्या गवताची रांग कधीच लावू नये. तिथं जमीन उघडी ठेवा, जाळरेषेसारखी.

तिसरा : गिऱ्हाईक गेलं तर आपण याचं काय करू? उत्तर नसेल तर आगाऊ पैसे आणि कागद घेतल्याशिवाय पिशव्या भरू नका.

चौथा : हे काढायचं झालं तर कोण काढेल? उत्तर बहुतेक वेळा 'आपणच' असं येतं, म्हणून हा प्रश्न आधी विचारायचा.

ज्यांच्याकडं हे हिरवं फाउंटन ग्रास आधीच लावलेलं आहे, त्यांनी घाबरू नका. तुरे वाळण्याच्या आधी कापून पोत्यात भरा आणि चुलीत घाला. उकिरड्यावर टाकू नका, खतातून बी परत शेतात जाईल. पावसात माती मऊ असताना कुदळीनं झुबका मुळासकट काढा. पुढची काही वर्षं पावसाळ्यात बारीक रोपं दिसतील तशी उपटत राहा, बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. आम्ही दर सोमवारी एक तास तेच करतो. गाणी म्हणत करतो, पण करतो.

आणि हौस असेल तर? जांभळ्या पानांचं फाउंटन ग्रास मिळतं. त्याला बी जवळजवळ धरत नाही, फुटव्यांनीच वाढतं. ते कुंडीत लावा, वर्षातून एकदा खालपर्यंत छाटा. नर्सरीत विचारून, पान बघून घ्या. नाहीतर आपला वाळा आहे. उंच, डौलदार, बांधाची माती धरून ठेवणारा. फुटव्यांनी लावायचा. त्याची मुळं उन्हाळ्यात पाण्याच्या माठात टाका, घरभर गारवा दरवळतो. बघायलाही छान आणि कामालाही येतो.

आमच्या धाकट्या सुनेच्या दारात आता एका फुटक्या माठात जांभळं गवत उभं आहे. ती त्याला काहीही उपयोग सांगत नाही, आणि आम्हीही विचारत नाही. काकूंच्या जागेत सगळीकडं गवती चहा आहे, आणि गायरानाच्या हद्दीवर उघडी माती. यंदा वणवा आला तो तिथंच थांबला.

जाता जाता एक निरोप. आमची बेटं यंदा खणायला आली आहेत. जून लागला की फुटवे काढणार आहोत. ज्या गटांना हवेत त्यांनी पोतं आणि थोडी ओली माती घेऊन यावं. पहिले दहा फुटवे प्रत्येक गटाला फुकट. त्या न्हाणीमागच्या आजींनी वर एक जुडी बांधून दिली होती, ती परतफेड समजा. आणि आल्यावर चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. पान आम्ही हुंगून बघितलं आहे, काळजी करू नका.